गुहागर–जत रस्ता : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

प्राथमिक शाळेत भूगोलाचा आरंभ बहुधा जिल्ह्याच्या नकाशापासून केला जातो. तांबड्या रेघा म्हणजे रस्ते आणि निळ्या रेघा म्हणजे नद्या, एवढे मुलांस लवकर पाठ होते. परंतु त्यांपैकीच एक तांबडी रेघ आपल्या शाळेपुढून जाते, ही गोष्ट पुष्कळ मुलांच्या ध्यानी येत नाही. रस्ता कोठून येतो असे विचारले तर मूल मागच्या गावाचे नाव सांगते आणि कोठे जातो असे विचारले तर पुढच्या बाजाराच्या गावाचे. त्यापलीकडचे जग ते पुस्तकात शोधते. वास्तविक एखादा लांब रस्ता आरंभापासून शेवटापर्यंत नीट समजावून दिला, तर पाऊस, माती, पिके, घरे आणि माणसांचे व्यवसाय यांचा परस्परसंबंध जितका स्पष्ट होतो तितका निरनिराळ्या धड्यांतून होत नाही. अशा पाठासाठी गुहागरहून चिपळूण, पाटण, कराड, कडेगाव, विटा, नागज, जत असा विजापुराकडे जाणारा रस्ता फार उपयोगी आहे.

हा रस्ता दीर्घकाळ राज्यमार्ग म्हणून ओळखला गेला. अलीकडे त्यास राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला असून त्याचा क्रमांक १६६ ई असा आहे. रस्त्यांच्या या श्रेणी मुलांस समजावून देण्यास कडेचे दगड पुरेसे आहेत. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गावरील हिरवा आणि ग्रामीण रस्त्यांवर नारिंगी. अंतर किलोमीटरांत लिहिलेले असले तरी त्यास मैलाचा दगडच म्हणतात, हा भाषेचा एक गमतीचा नमुना होय. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग ही पाच प्रकारांची वाटणी १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. राज्यमार्गांची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, तर गावाच्या शाळेपर्यंत येणारे लहान रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेकडे असतात. रस्ता "सरकारचा" असतो एवढेच ज्ञान पुरेसे नाही. कोणत्या खड्ड्याविषयी कोणाकडे अर्ज करावयाचा हे सहावी-सातवीच्या मुलास सांगता आले पाहिजे.

गुहागर हे समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे आणि उतरत्या कौलारू छपरांची घरे हे तेथील दृश्य. शृंगारतळी, मार्गताम्हाणे या गावांवरून सुमारे ४५ किलोमीटर आल्यावर चिपळूण लागते. वाशिष्ठी नदीच्या काठचे हे शहर पूर्वी मोठी व्यापारी पेठ होते. दाभोळच्या खाडीतून माल गोवळकोटपर्यंत येई आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाटावर जाई. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात व धान्य, गूळ, मिरची खाली येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घाटमाथ्यापलीकडे पुण्याकडून लोहमार्ग आला आणि या वाहतुकीचा ओघ पुष्कळसा वळला. पेठा कशा वाढतात व कशा ओसरतात हे शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचित सापडेल.

कोकणातील या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात सड्यावरील वाड्यांतून पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. पडलेले पाणी उतारावरून काही तासांत समुद्रास मिळते, ते मुरत नाही. घरटी एक-दोन माणसे मुंबईस, आणि गणपतीला व शिमग्याला ती परत यावयाची, ही रीत येथे अनेक पिढ्यांची आहे. पाऊस पुष्कळ म्हणजे सुबत्ता असा मुलांचा समज असतो. तो सुधारण्याचे काम याच टप्प्यावर सुरू करावे.

चिपळूण सोडल्यावर शिरगाव, अलोरे, पोफळी ही गावे मागे टाकून रस्ता कुंभार्ली घाट चढू लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर तो थोड्याच अंतरात पोचतो. घाटरस्ता म्हणजे पाण्याशी चाललेली झुंज आहे, ही गोष्ट मुलांस प्रत्यक्ष दाखविता येते. डोंगराच्या बाजूस गटार, ठिकठिकाणी रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारी मोरी आणि दरीच्या बाजूस कठडा, अशी ही रचना असते. एखाद्या मोरीचे तोंड पालापाचोळा व दगड यांनी बुजले, की पाणी रस्त्यावरून वाहू लागते, कडेची माती खचते आणि मग एका रात्रीत रस्ताच दरीत जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वी मोऱ्या मोकळ्या करणाऱ्या मैलकामगाराचे काम वरवर क्षुल्लक दिसले तरी वाहतूक चालू राहते ती त्याच्या फावड्यावर. शाळेच्या अंगणात मातीचा उतार करून, त्यात पोकळ बांबूच्या तुकड्याची मोरी घालून व वरून झारीने पाणी ओतून हा प्रयोग चौथीच्या मुलांसही करून दाखविता येईल. एकदा मोरी मोकळी ठेवून आणि एकदा चिखलाने बुजवून तो करावा.

घाट चढून गेल्यावर हेळवाक व कोयनानगर लागते आणि या साऱ्या पाठाचा गाभा येथे आहे. कोयना नदी महाबळेश्वराजवळ उगम पावून सह्याद्रीच्या रांगेस समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते व हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेस वळते. तेथून कराडपर्यंत नदी व रस्ता एकाच खोऱ्यातून जातात. कोयनानगर येथे वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस होतो. हे पाणी अडविण्यासाठी बांधलेले धरण १०३ मीटर उंच असून त्याच्या मागील शिवसागर जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठते.

नदी पूर्वेस वाहते, परंतु विजेसाठी तिचे पाणी पश्चिमेस नेले आहे. जलाशयातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याने पोफळीच्या बाजूस सोडले जाते. तेथे कोकण आणि घाटमाथा यांच्या उंचीत जो चारशे मीटरांहून अधिक फरक आहे, त्याचा उपयोग करून डोंगराच्या आत बांधलेल्या वीजगृहातील चक्रे फिरविली जातात. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ साली मिळू लागली. हेच पाणी पुढे कोळकेवाडी धरणात अडवून पुन्हा विजेसाठी वापरले जाते व अखेरीस वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॅटहून अधिक आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. उरलेले पाणी धरणाच्या पायथ्याकडून कोयनेच्या मूळ पात्रात पूर्वेस जाते. एकाच जलाशयातील पाण्याचा एक भाग अरबी समुद्रास व दुसरा बंगालच्या उपसागरास मिळतो. मुलांनी नकाशावर दोन बोटे ठेवून हे दोन्ही प्रवास काढावेत.

विजेचा धडा येथे संपविणे मात्र अपुरे होईल. जलाशयाखाली गावे गेली. हजारो कुटुंबांनी घरे, भातखाचरे व देवळे सोडली. त्यांपैकी काही जवळच्या डोंगरावर सरकली, तर काहींना ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी देण्यात आल्या. पुष्कळांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटले नाहीत व त्यासाठी कोयनानगर येथे आंदोलने झाली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी येथे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगर व आसपासच्या गावांतील घरे भुईसपाट झाली. जलाशयातील पाण्याच्या भारामुळे व त्याच्या खोल झिरपण्यामुळे घडून येणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात हे उदाहरण जगभर प्रमुख मानले जाते. ज्या शाळेत धरणग्रस्तांची नातवंडे शिकत आहेत, तेथे "धरणाचे फायदे" हा निबंध लिहावयास देण्यापूर्वी शिक्षकाने आजीआजोबांकडून बुडालेल्या गावाचे नाव, ओढ्याचे नाव व देवाचे नाव विचारून आणावयास सांगावे. ही नावे आता कागदावर फार थोड्या ठिकाणी उरली आहेत व सांगणारी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत.

२२ जुलै २०२१ च्या सुमारास सह्याद्रीवर जो विलक्षण पाऊस कोसळला, त्याने या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस आघात केला. पश्चिमेस चिपळूण शहर पाण्याखाली गेले. पूर्वेस पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून अनेक माणसे गाडली गेली. डोंगरउतारावरील गावांतील शाळांत जमिनीस पडलेल्या भेगा, एकाएकी गढूळ झालेला झरा व कललेली झाडे ही दरडीची पूर्वचिन्हे मुलांस माहीत असणे हे पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्याइतकेच अगत्याचे आहे.

पाटण तालुक्यात वळणावळणाने उतरताना उजव्या-डाव्या पठारांवर पवनचक्क्या दिसतात. वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्यांचा समूह यांपैकीच होय. कोयनेचे अभयारण्य व २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प याच परिसरात आहे. डोंगरांवर गवळी-धनगरांच्या विखुरलेल्या वाड्या आहेत, ज्यांतील मुलांस शाळेत येण्यासाठी अद्यापि मोठी पायपीट करावी लागते. या तालुक्यातील माणसेही मुंबईस गेली. गोदीत व बाजारपेठेत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत पाटण खोऱ्यातील पुष्कळ होते. त्यांना संरक्षण देणारा कायदा १९६९ साली झाला.

मल्हारपेठ सोडून पुढे आले की खोरे रुंदावते, माती काळी होते आणि भाताची जागा ऊस घेतो. चिपळूणपासून सुमारे १०० किलोमीटरांवर कराड येथे कोयना कृष्णेस समोरासमोर येऊन मिळते. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ते राज्याचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकांस विसरण्याजोगी नाही. कराड येथे पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. कोयनानगरापासून येथवरचे अंतर एस.टी.ने दोन तासांतही काटता येते. तेवढ्या प्रवासात पाऊस सातव्या हिश्शावर आला. डोंगर ढगांचे पाणी आपल्याकडे ओढून घेतो व पलीकडच्या बाजूस कोरडे वारे उतरतात, हे पर्जन्यछायेचे तत्त्व सांगण्यास याहून अधिक काय पाहिजे?

रेल्वे स्थानकाजवळची ओगलेवाडी ही वस्ती ओगले बंधूंच्या काच कारखान्यावरून ओळखली जाते. तेथील 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रातील खेडोपाडी, शाळांच्या रात्रीच्या वर्गांत व शिक्षकांच्या घरात जळत असे. कराडच्या पूर्वेस कृष्णाकाठी टेंभू हे लहानसे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म तेथे १८५६ साली झाला. शिक्षणासाठी त्यांनी कराडहून रत्नागिरीपर्यंत पायी प्रवास केल्याचे त्यांच्या चरित्रात येते. हल्ली मात्र टेंभूचे नाव खेड्यापाड्यांत घेतले जाते ते पाण्यासाठी.

सुर्ली घाट चढून रस्ता कडेगाव व विट्याकडे निघाला की झाडी विरळ होते आणि माळ दिसू लागतो. येथे नदी खाली व शेत वर, अशी स्थिती आहे. म्हणून टेंभू येथे कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवावयाचे आणि कालव्यांनी कडेगाव, खानापूर, आटपाडी आदी तालुक्यांस द्यावयाचे, अशी उपसा सिंचन योजना आखण्यात आली. आता मुलांपुढे पुढील प्रश्न ठेवावा. पोफळीस पाणी खाली पडते तेव्हा वीज मिळते; टेंभूस पाणी वर चढवावयाचे तर वीज खर्च होते. पहिल्या ठिकाणी डोंगराच्या उंचीने दिलेली शक्ती आपण घेतो, दुसऱ्या ठिकाणी तीच शक्ती आपणास परत मोजावी लागते. सर्व वीजगृहांची वीज एकाच जाळ्यात मिसळत असल्याने पोफळीचीच वीज टेंभूस जाते असे म्हणता येणार नाही. परंतु हिशेब मात्र असाच आहे. उपसा योजनेचे पाणी महाग का पडते, वीजबिल थकले म्हणजे कालवा कोरडा का पडतो आणि पाणीपट्टीवरून गावात भांडणे का होतात, यांचे उत्तर या एका तुलनेत सापडते. पाटणच्या मुलाने व विट्याच्या मुलाने हा धडा एकमेकांस पत्रे लिहून पुरा करावा, असा उपक्रम दोन शाळांस सहज करता येईल.

पाणी येण्यापूर्वी या भागातील माणसांनी जगण्याचा निराळाच मार्ग काढला होता. विटा व खानापूर परिसरातील पुष्कळ कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात शिरली व भारतभरच्या शहरांतून पसरली. ज्या गावात दुसऱ्या पावसाची शाश्वती नव्हती, त्या गावातील मुले दूरच्या प्रांतांच्या भाषा शिकून परत येऊ लागली. गावातील एखादे मोठे घर, शाळेची खोली किंवा देवळाचा जीर्णोद्धार यांमागे पुष्कळदा ही कमाई असते.

दुष्काळाचा आणखी एक ठसा प्रत्यक्ष रस्त्यांवर आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडून व मुरूम टाकून पोट भरले. त्या काळी झालेल्या कामांत गावांना मुख्य रस्त्याशी जोडणारे कित्येक रस्ते होते. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे याच परिसरातील विसापूरचे. तेथे १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला होता. आजच्या डांबराखाली कोणाची आजी खडी फोडीत बसली होती, हे वर्गात विचारले तर एखादा तरी हात वर येईल. त्यानंतर रुंदीकरणात कडेची जुनी वडाची झाडे तोडली गेली, आणि त्या सावलीची आठवणही आता वडीलधाऱ्यांपाशीच आहे.

नागजवरून जतकडे जाताना घरांच्या छपरांकडे लक्ष द्यावे. गुहागरास छप्पर तीव्र उताराचे होते, कारण पाणी क्षणभरही थांबता कामा नये. पाटणास उतार कायम आहे. कराडपासून तो मंदावतो आणि जत तालुक्यातील जुन्या घरांवर सपाट मातीचे माळवद दिसते, ज्यावर धान्य वाळत घालता येते व उन्हाळ्यात निजता येते. सिमेंटच्या घरांनी हा भेद पुसत आणला असला, तरी प्रत्येक गावात एखादे जुने घर उभे असते. ते पडण्यापूर्वी मुलांकडून त्याचे चित्र काढून घ्यावे. मातीचेही तसेच. तांबडी, काळी व पांढुरकी माती बाटल्यांत भरून ओळीने मांडली की रस्त्याचा नकाशा फळीवर उभा राहतो.

जत हे १९४८ पर्यंत डफळे घराण्याचे संस्थान होते. येथे पाऊस सुमारे पाचशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. बाजरी, ज्वारी, अलीकडे डाळिंब व द्राक्षे ही पिके. तालुक्यात मराठी व कन्नड दोन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात व जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. एकाच अंगणात दोन भाषांतून प्रार्थना ऐकू येणे येथे नवलाचे नाही. मिरजेजवळ कृष्णेतून पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले, पूर्वेकडील गावे मात्र फार वर्षे वाट पाहत राहिली. त्यांच्यासाठी विस्तारित योजना हाती घेण्यात आली. सीमेवरील गावांत पाण्याच्या प्रश्नावरून कर्नाटकात जाण्याचीही भाषा झाली. शिक्षकाने हा वादाचा विषय म्हणून न घेता पाण्याचा विषय म्हणून घ्यावा.

दिवाळीच्या सुमारास जतच्या शाळांतून काही मुले एकाएकी दिसेनाशी होतात. आईबाप ऊसतोडीस जातात व मुलांस बरोबर नेतात. ती जातात त्यांपैकी काही याच रस्त्याने पश्चिमेकडे, जेथे कोयना-कृष्णेच्या पाण्यावर ऊस उभा आहे तेथे. ज्या वाटेने पाणी पूर्वेस यावयाचे, त्या वाटेने माणसे पाण्याकडे जातात. वैशाखात ती परततात, तोवर वार्षिक परीक्षा झालेली असते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची व शिक्षण हमी पत्रकाची तजवीज आहे. पाठविणाऱ्या शाळेने पत्रकात केवळ नाव व इयत्ता न लिहिता मूल कोणत्या पाठापर्यंत वाचते, बेरीज-वजाबाकी हातच्यासह करते काय, घरी कन्नड बोलते की मराठी, एवढे तरी लिहावे. कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षकाने ते वाचून मुलास त्याच पाठावरून पुढे न्यावे आणि हंगाम संपताना आपली नोंद त्याच पत्रकावर करून ते परत जतला धाडावे. पत्रक आईबापांच्या बोचक्यात हरवते असा अनुभव आहे. म्हणून त्याची एक प्रत टपालाने अथवा भ्रमणध्वनीवरून थेट शाळेस पाठविणे बरे.